सैनिकाचा सूड आणि नागरिकांचे काम

७ सप्टेंबर २०२३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘जवान’ या हिंदी चित्रपटाच्या मुळाशी एक साधी तक्रार आहे. कारवाईवर गेलेल्या तुकडीच्या हातातल्या बंदुका ऐन वेळी अडतात, जवान मारले जातात आणि त्यांचा अधिकारी विक्रम राठोड परत येऊन सांगतो की पुरवलेला माल सदोष होता. बंदुका पुरवणारा काली गायकवाड सत्तेच्या इतका जवळचा आहे की तक्रार करणारा अधिकारीच देशद्रोही ठरतो. पुढे बाप आणि मुलगा (दोन्ही भूमिका शाहरुख खानच्याच) मिळून जो सूड उगवतात, त्यात मुंबईची मेट्रो ओलीस धरली जाते, मंत्र्याला धरून सरकारी रुग्णालये काही तासांत सुधारून घेतली जातात, शेतकऱ्यांची कर्जे फेडली जातात आणि अखेरीस मतदारांना उद्देशून एक लांबलचक भाषण होते. या चित्रपटाने जगभरात हजार कोटी रुपयांहून अधिक व्यवसाय केला. इतक्या लोकांनी जे डोळ्यांत प्राण आणून पाहिले, त्याला निव्वळ करमणूक म्हणून बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही.

सैनिकाच्या सुडातून राजकीय कट उघडकीला येण्याचा हा साचा जुना आहे. व्हिएतनाम युद्धानंतरच्या अमेरिकी चित्रपटांनी तो घडवला आणि आपल्याकडच्या व्यावसायिक चित्रपटांनी त्याला इथले शत्रू, इथली दुःखे आणि इथली गाणी दिली. साथीदार किंवा कुटुंब गमावलेला एक सैनिक, एका मारेकऱ्यापासून वर वर जाणारा धागा, त्या धाग्याच्या टोकाला बसलेला मंत्री आणि त्याला मिळणारी शिक्षा, एवढ्यात कथा पुरी होते. माझे म्हणणे असे आहे की या कथेतली तक्रार खरी आहे, पण तिने सुचवलेला उपाय खोटा आहे. आणि उपायाच्या या खोटेपणामुळे नुकसान शेवटी त्या खऱ्या तक्रारीचेच होते.

तक्रार खरी आहे हे महाराष्ट्रातल्या वाचकाला दूर जाऊन शोधावे लागत नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटेपूर्वी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली आणि स्फोटांची मालिका सुरू झाली. दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला धावलेले भांडारातले कर्मचारी यांच्यासह पंधराहून अधिक माणसे मेली. आसपासच्या गावांतल्या लोकांना अंधारात घरे सोडून बाहेर पडावे लागले. त्या भांडारात ठेवलेल्या सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी हे स्फोटक पाझरत होते, ही गोष्ट नंतर पुढे आली. हे सुरुंग शत्रूच्या मुलखात पेरलेले नव्हते. ते आपल्याच गोदामात, आपल्याच माणसांच्या उशाशी होते, आणि त्यांच्यातल्या दोषाची जाणीव संबंधितांना आगीच्या आधीपासून होती. दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ रोजी, त्याच भांडाराच्या परिसरात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा जण मेले. त्यांत पोटासाठी हे काम करणारे जवळपासच्या गावांतले मजूरही होते. थरारपटात या मजुरांना जागा नसते, कारण त्यांच्या अंगावर गणवेश नसतो आणि त्यांच्या मृत्यूचा सूड घ्यायला कोणी कमांडो येत नाही.

पुलगावच्या या हकिगतीत काली गायकवाड कोठे आहे, असे विचारले तर उत्तर सापडत नाही. तेथे सुरुंग बनवणारा सरकारी कारखाना आहे, त्यांची तपासणी करणारी यंत्रणा आहे, माल ठेवून घेणारे भांडार आहे, बदलून देण्याचा किंवा नष्ट करण्याचा निर्णय ज्यांनी घ्यायचा ते विभाग आहेत, आणि या सगळ्यांमध्ये फिरणारा पत्रव्यवहार आहे. दोष प्रत्येकाकडे थोडा थोडा, निर्णय कोणाकडेच पुरता नाही, आणि दिवस मात्र सरत राहतात. माणसे अशीही मरतात. थरारपटाला खलनायकाचा चेहरा लागतो, म्हणून तो या प्रकारच्या मृत्यूकडे वळतच नाही. आणि प्रेक्षकाला असे वाटू लागते की जेथे चेहरा दिसत नाही तेथे अपराधही नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात नमूद होते की तपासलेल्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकारांचा साठा सप्टेंबर २०१६ मध्ये दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारा नव्हता. एखाद्या चित्रपटात मंत्र्याने पेटीभर पैसे घेतल्याच्या दृश्याइतकाच हा आकडा भयंकर आहे. फरक इतकाच की तो कोणी पाठ करत नाही.

कट असतातच, हेही नाकारण्याचे कारण नाही. २४ मार्च १९८६ रोजी भारत सरकारने स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी १५५ मिलिमीटरच्या हॉवित्झर तोफांसाठी सुमारे १,४३७ कोटी रुपयांचा करार केला. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने दलालीची बातमी दिली. ती पुढे नेली चित्रा सुब्रमण्यम या पत्रकार बाईंनी, वर्षानुवर्षे कागद मिळवून, ते पडताळून आणि छापून. आणि ते कागद त्यांना देणारा माणूस स्वीडनच्या पोलिस तपासाचा प्रमुख स्टेन लिंडस्ट्रोम होता, हे त्याने स्वतः २०१२ मध्ये सांगितले. पंचवीस वर्षे एक पोलिस अधिकारी आपले नाव पुढे न आणता राहिला आणि एका पत्रकाराने आपला शब्द पाळला. बंदूक या कथेत फक्त विकण्याची वस्तू म्हणून आहे. ती कोणी रोखली नाही.

बोफोर्सच्या हकिगतीत थरारपटाला न पेलणारी आणखी एक गोष्ट आहे. ‘जवान’मध्ये लाच खाल्ली म्हणजे बंदूक वाईट असणारच, हे गृहीत आहे. प्रत्यक्षात ज्या तोफेच्या खरेदीने एका सरकारची प्रतिष्ठा धुळीला मिळाली, त्याच तोफेने १९९९ च्या कारगिल युद्धात डोंगरमाथ्यांवरची शत्रूची ठाणी फोडली. सौदा मलीन होता आणि तोफ उत्तम होती. या दोन विधानांना एकाच वेळी खरे मानण्याची सवय लागली नाही, तर संरक्षण खरेदीबद्दल शहाणपणाचा एकही निर्णय घेता येत नाही. आपल्याला ती सवय लागली नाही. बोफोर्सनंतर प्रत्येक मोठ्या तोफेच्या खरेदीवर संशयाचे सावट पडले, कंपन्या काळ्या यादीत गेल्या, निविदा निघाल्या आणि रद्द झाल्या, सही करायला अधिकारी कचरू लागले, आणि नव्या मोठ्या तोफांचा, एम-७७७ आणि के-९ वज्र यांचा, लष्करात समारंभपूर्वक समावेश व्हायला ९ नोव्हेंबर २०१८ हा दिवस उजाडला. लाच खाणाऱ्याने सैनिकाचे नुकसान केले हे उघडच आहे. लाचेच्या भीतीने निर्णयच न घेणाऱ्यांनी तीस वर्षे जे नुकसान केले त्याची मोजदाद कोणत्याही सूडकथेत येत नाही.

ज्या देवळालीत हा समारंभ झाला, तेथेच मार्च २०१७ मध्ये एका लान्स नायकाचा मृतदेह सापडला होता. त्याच्या काही दिवस आधी एका वृत्तसंकेतस्थळाने गुप्त कॅमेऱ्याने केलेले चित्रण प्रसिद्ध केले होते. अधिकाऱ्यांच्या दिमतीला दिलेल्या सहायक जवानांना कुत्री फिरवण्यापासून मुलांना शाळेत पोहोचवण्यापर्यंतची घरगुती कामे कशी करावी लागतात, हे त्यात होते, आणि बोलणाऱ्या जवानांमध्ये हा तरुण होता. पुढे संबंधित पत्रकारावर आणि मदत करणाऱ्या एका माजी सैनिकावर शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०१९ मध्ये रद्द केला. त्याच २०१७ च्या जानेवारीत सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने जळालेल्या पोळीचे आणि पाण्यासारख्या वरणाचे चित्रण सर्वांसमोर ठेवले होते आणि एप्रिलमध्ये त्याला बडतर्फ करण्यात आले. आपल्या खऱ्या जवानाच्या तक्रारीचे पुढे काय होते, हे या दोन घटनांनी दाखवले. आणि ती तक्रार कोणत्या आंतरराष्ट्रीय कटाची नव्हती. एक होती कुत्र्याच्या साखळीची आणि दुसरी होती ताटातल्या पोळीची.

सैनिक हा या देशातला सर्वांत कमी बोलू शकणारा नागरिक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार संसद सशस्त्र दलांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालू शकते. लष्कर कायदा, १९५० आणि त्याखालचे १९५४ चे नियम यांनी त्याला पूर्वपरवानगीशिवाय वृत्तपत्रांशी बोलायला, राजकीय सभेत भाग घ्यायला, संघटना बांधायला मनाई केली आहे. गाऱ्हाणे मांडण्यासाठी त्याच कायद्याची कलमे २६ आणि २७ आहेत, पण ते वरिष्ठांकडूनच वर जायचे असते. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आले आणि त्याच्यापुढे अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी म्हाताऱ्या हवालदारांनी आणि वीरपत्नींनी चालवलेली प्रकरणे आजही उभी असतात. शिस्तीसाठी काही बंधने हवीत, यात शंका नाही. बंदूक हाती असलेल्या माणसाने राजकीय सभा घेऊ नये हे सर्वांच्याच हिताचे आहे. पण या सक्तीच्या मौनामुळेच सूडकथा लोकांना इतकी भिडते, असे मला वाटते. ज्याला बोलता येत नाही तो पडद्यावर गर्जना करतो आणि प्रेक्षागृहातल्या कित्येकांचे दडपलेले काही त्याच्याबरोबर मोकळे होते. ही भावना मला खरी आणि आदरणीय वाटते. म्हणूनच तिला चुकीच्या वाटेने नेणाऱ्या कथेबद्दल आक्षेप घ्यावासा वाटतो.

पहिला आक्षेप गणवेशाबद्दल आहे. सूडकथा जगाची विभागणी गणवेशातले निर्मळ आणि खादीतले भ्रष्ट अशी करते. मुंबईत कुलाब्याला उभी असलेली आदर्श सोसायटीची एकतीस मजली इमारत या विभागणीला मान्यता देत नाही. तिच्या सदस्यांच्या यादीत राजकारण्यांचे नातेवाईक होते, सनदी अधिकारी होते आणि सैन्यदलांचे माजी प्रमुखही होते. कारगिलच्या वीरपत्नींची जागा लुबाडली गेली, या रूपात ही बातमी देशभर पोहोचली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पद सोडावे लागले. न्यायमूर्ती जे. ए. पाटील यांच्या चौकशी आयोगाचा निष्कर्ष मात्र असा निघाला की ती जमीन राज्य सरकारची होती आणि कारगिलच्या कुटुंबांसाठी राखीव नव्हती; पण तिच्यावर मिळवलेल्या परवानग्या, दिलेल्या सवलती, अपात्र सदस्य आणि बेनामी सदनिका यांबद्दल आयोगाने गंभीर ताशेरे ओढले. आपल्या मनातली कथा आणि नोंदीतले सत्य यांत असे अंतर असते. आयोगाने वीरपत्नींची कथा मान्य केली नाही म्हणून अपराध हलका झाला नाही, उलट तो नेमका कोणाचा व कोठे, हे कळले. हे सारे बाहेर आले ते माहितीच्या अधिकारात अर्ज करणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे, नौदलाने घेतलेल्या लेखी हरकतीमुळे आणि पाठपुरावा करणाऱ्या वार्ताहरांमुळे. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये इमारत पाडण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ही मंद गती संतापजनक आहे, हे मी मान्य करतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मंत्र्याला धरून पाच तासांत रुग्णालये दुरुस्त करून घेणारा नायक पाहताना टाळ्या पडतात, कारण सरकारी रुग्णालयांची दैना सर्वांना ठाऊक आहे. पण शस्त्रधारी माणसाने निवडून आलेल्या सरकारला मुदत घालून दिली आणि सरकारने ती पाळली, हे दृश्य आपल्या शेजारच्या देशांत अनेकदा प्रत्यक्ष घडले आहे, आणि तेथल्या रुग्णालयांचे त्याने भले झालेले नाही. १९५८ मध्ये पाकिस्तानात लष्करप्रमुख अयुब खान सत्तेवर आले तेव्हाही कारण राजकारण्यांच्या भ्रष्टाचाराचेच दिले गेले होते. भारतीय सेनेने त्या वाटेने कधी पाऊल टाकले नाही, हे तिच्या सर्वांत मोठ्या पराक्रमांपैकी एक आहे, आणि सैनिकावर प्रेम करणाऱ्या चित्रपटांनी नेमक्या याच पराक्रमाकडे पाठ फिरवावी याचे मला वाईट वाटते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सनदशीर मार्ग उपलब्ध असताना इतर मार्ग वापरणे म्हणजे अराजकाला आमंत्रण आहे, असे बजावले होते. रक्तरंजित मार्गांबरोबर त्यांनी सत्याग्रहालाही त्यात धरले होते. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातली भक्ती, म्हणजे एका थोर पुरुषाच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहणे, हा अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेणारा निश्चित रस्ता आहे असे सांगितले. ‘जवान’च्या अखेरचे भाषण नागरिकांना प्रश्न विचारायला सांगते, आणि ते भाषण चांगलेच आहे, पण त्याआधीचे अडीच तास प्रश्न न विचारता काम करून देणाऱ्या एका थोर पुरुषाच्या भक्तीत गेलेले असतात.

यावर असे म्हटले जाईल की चित्रपट पाहून कोणी मेट्रो पळवायला जात नाही, लोकांना चित्रपट आणि वास्तव यांतला फरक कळतो. तो कळतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परिणाम दुसऱ्या ठिकाणी होतो. न्याय म्हणजे काय, तो किती वेगाने मिळावा, तो देणारा माणूस कसा दिसावा, याची एक मोजपट्टी मनात तयार होते आणि तिच्यापुढे लेखापरीक्षक, माहिती अधिकाराचा अर्जदार, सरकारी खर्च तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीच्या बैठकीत चिकाटीने प्रश्न विचारणारा खासदार हे सगळे फिके, किरकोळ, कधी कधी तर अडथळा आणणारे वाटू लागतात. संरक्षण खरेदीबद्दल प्रश्न विचारणाऱ्याला सैन्याचा अपमान करणारा ठरवणे मग सोपे होते. आणि ज्या विक्रम राठोडचा प्रेक्षक जयजयकार करतात, त्याने चित्रपटाच्या सुरुवातीला केले होते ते हेच: प्रश्न विचारणे.

कागदपत्रांच्या शोधात थरार नसतो, असे कोणी म्हणत असेल तर त्याने फ्रान्समधले ड्रेफस प्रकरण वाचावे. १८९४ मध्ये कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला जर्मनीला गुपिते विकल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले आणि पुढे डेव्हिल्स आयलंड या दूरच्या बेटावर कैदेत पाठवण्यात आले. १८९६ मध्ये लष्करी गुप्तवार्ता विभागाचा नवा प्रमुख जॉर्ज पिकार याच्या हाती वेगळ्या अधिकाऱ्याचे, एस्तरहाझीचे, हस्ताक्षर आले आणि ज्या चिठ्ठीवरून ड्रेफसला शिक्षा झाली तिच्यातले अक्षर तेच आहे हे त्याने ओळखले. पिकारला ज्यूंबद्दल प्रेम नव्हते, ड्रेफस त्याचा कोणी लागत नव्हता, सूड घेण्यासारखे त्याचे काही हिरावले गेले नव्हते. वरिष्ठांनी त्याला गप्प राहायला सांगितले, दूर ट्युनिशियात पाठवले, पुढे तुरुंगात टाकले. तो मागे हटला नाही. जानेवारी १८९८ मध्ये लेखक एमिल झोला यांनी ड्रेफसच्या बाजूने राष्ट्राध्यक्षांना उद्देशून खुले पत्र छापले, त्याच वर्षी पुरावा बनावट असल्याचे उघड झाले आणि तो बनवणाऱ्या अधिकाऱ्याने कोठडीत जीव दिला. तरीही ड्रेफस पूर्ण निर्दोष ठरायला जुलै १९०६ उजाडला. सैनिकाने राजकीय कट उघड केल्याची याहून थरारक कथा मला माहीत नाही, आणि तिच्या नायकाने एकही गोळी झाडली नाही. हस्ताक्षर ओळखले आणि ओळखलेले नाकारायला नकार दिला. आपल्या लेखक-दिग्दर्शकांनी पुलगावच्या सुरुंगांवर, तोफांच्या रद्द झालेल्या निविदांवर, न्यायाधिकरणात वीस वर्षे खेटे घालणाऱ्या एखाद्या नाईकावर अशी कथा रचावी. मराठी रंगभूमीने आणि चित्रपटाने न्यायालयाच्या खोलीत प्रेक्षकांना खिळवून ठेवल्याची उदाहरणे आहेत, तेव्हा हे अशक्य नाही.

चित्रपटांकडून अपेक्षा करताना सरकारकडूनही काही मागणे आवश्यक आहे. गैरव्यवहाराची माहिती देणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्याला मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण तो अमलात आणणारी अधिसूचना त्यानंतर वर्षानुवर्षे काढली गेली नाही. संरक्षणविषयक लेखापरीक्षणाचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात, मात्र ते संकेतस्थळावर सर्वांना वाचायला उपलब्ध करून देण्याची पद्धत महालेखापरीक्षकांच्या कार्यालयाने सुरक्षेच्या कारणास्तव थांबवली. दारूगोळ्याच्या साठ्याचे आकडे शत्रूला कळू नयेत, हा मुद्दा मला पटतो. पण फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत आलेल्या अहवालात सियाचीन आणि लडाखसारख्या अतिउंच भागांतल्या जवानांना बर्फातले चष्मे, बूट आणि ठरलेला शिधा वेळेवर व पुरेसा मिळत नसल्याचे म्हटले होते, आणि ही माहिती लपवून शत्रूपासून काही वाचत नाही, फक्त खरेदी लांबवणारे वाचतात. सैनिकाच्या सुडावर टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या सर्वांना प्रत्येकी एक खासदार आहे. त्याला लेखी विचारावे की हा अहवाल त्याने वाचला का, त्या बुटांची खरेदी पूर्ण झाली का, पुलगावच्या सुरुंगांबद्दल जबाबदारी कोणावर निश्चित झाली, आणि २०१४ चा कायदा अमलात आणण्यासाठी त्याने सभागृहात किती वेळा मागणी केली.